सूपच्या पाकिटाची मागची बाजू

दिवाळी सरते, निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येऊ लागतात आणि आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात सूपची पाकिटे मागच्या फळीवरून उठून पुढे काउंटरवर येऊन बसतात. पूर्वी घरात कुणी आजारी असले तरच हे पाकीट आणले जाई. आता संध्याकाळी ट्यूशनहून आलेल्या मुलांना सूप लागते, रात्रपाळीला जाणाऱ्याला लागते आणि जेवण नको, ‘काहीतरी हलके द्या’ म्हणणाऱ्या घरातल्या बुजुर्गांनाही लागते. त्यात रमजानही आता थंडीत आला आहे. चंद्राच्या हिशेबाने तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०३० साली तर तो जानेवारीत एकदा येईल आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा सुरू होईल. म्हणजे पुढची काही वर्षे इफ्तारच्या दस्तरखानावर खजूर-शरबताच्या जोडीला काहीतरी गरम हवेच असणार.

‘चांगले तयार सूप कोणते?’ हा प्रश्न स्टाफरूममध्येही निघतो आणि शेजारपाजारीही. आम्ही कुठल्या कंपनीचे नाव घेणार नाही. एकाच कंपनीचे टोमॅटो सूप आणि चिकन सूप यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो आणि आज आहे तीच कृती पुढच्या वर्षी राहील असेही नाही. त्यापेक्षा पाकीट उलटे करून मागची बारीक अक्षरे वाचता आली, तर कुठल्याही दुकानात उभे राहून आपले आपल्याला ठरवता येते.

आपल्या घरांत पहिला प्रश्न हलालचा असतो आणि तो असायलाच हवा. ही शंका उगाच घेतलेली नाही, हे तयार सूपचा इतिहासच सांगतो. १८६७ साली जर्मनीत वाटाण्याच्या पिठाचे एक सूप निघाले. सॉसेजसारख्या आकाराच्या गुंडाळीत ते बांधलेले असे. तुकडा मोडायचा, पाण्यात उकळायचा, की सूप तयार. १८७०-७१ च्या फ्रान्सबरोबरच्या युद्धात प्रशियाचे सैनिक ते खात होते. त्यात वाटाण्याच्या पिठाबरोबर डुकराच्या चरबीयुक्त मांसाचा अंश घातलेला असे. तेव्हा ‘यात काय आहे?’ असे विचारणारा मुसलमान वहमी ठरत नाही.

मात्र विचारायचे कुणाला, इथे घोळ होतो. बहुतेक घरांत हा प्रश्न मोबाइलवर फिरणाऱ्या एका लांबलचक यादीला विचारला जातो. अमुक आकडा दिसला की डुकराची चरबी समजा, असे त्या यादीत ठासून लिहिलेले असते. हे आकडे चरबीचे नाहीत. जगभरात खाद्यपदार्थांत घातल्या जाणाऱ्या रंग, चव, घट्टपणा वगैरेंच्या घटकांना दिलेले ते क्रमांक आहेत. आपल्याकडे पाकिटावर ते ‘आयएनएस’ या अक्षरांपुढे येतात. सूपमध्ये नेहमी दिसणारा ६३१ घ्या. हा चव वाढवणारा पदार्थ मांसापासून किंवा मासळीपासून करता येतो, तसाच टॅपिओका म्हणजे साबुदाण्याच्या कंदापासून किंवा साखरेपासून आंबवूनही करता येतो. ४७१ चेही तसेच. तो चरबीपासून बनतो आणि वनस्पती तेलापासूनही बनतो. नुसता आकडा पाहून त्याचा उगम कळत नाही.

मग कळणार कशावरून? भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर एक छोटा चौकोन असतो. त्यात हिरवा गोल असेल तर आतल्या पदार्थात प्राण्यापासून आलेला घटक चालत नाही. दूध आणि मध यांना तेवढी सूट आहे. म्हणजे हिरव्या गोलाच्या पाकिटातील ६३१ किंवा ४७१ हा प्राण्याच्या चरबीचा किंवा मांसाचा असता कामा नये. मांसाहारी पदार्थाच्या चौकोनात पूर्वी तपकिरी गोल असे. २०२० च्या नियमांनंतर तिथे तपकिरी त्रिकोण आला आहे. त्रिकोण दिसला म्हणजे लगेच मांसच आहे असे नाही, कारण आपल्या नियमात अंडेही मांसाहारात मोजले जाते. पण त्रिकोण असेल तर घटकांची यादी शेवटच्या शब्दापर्यंत वाचावीच.

हिरवा गोल म्हणजे हलालचा दाखला नव्हे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. तो प्राण्यांबद्दल बोलतो, दारूबद्दल बोलत नाही. काही सुगंधी अर्क अल्कोहोलमध्ये विरघळवलेले असतात. ‘यीस्ट एक्स्ट्रॅक्ट’ हा घटक साध्या यीस्टपासून करतात, तसाच बिअरच्या कारखान्यातून उरलेल्या यीस्टपासूनही करतात. हॉट अँड सावर सूपमध्ये पडणारा सोया सॉस पारंपरिक पद्धतीने आंबवलेला असेल तर त्यात थोडे अल्कोहोल आपोआप तयार होते. यातले काय चालते आणि काय नाही, हे ठरवण्याचा अधिकार आमचा नाही. आपण ज्या आलिमांना मानता त्यांना विचारा. फक्त विचारताना ‘सूप हलाल आहे का?’ असे मोघम विचारू नका. पाकीट सोबत न्या आणि त्यातल्या शब्दावर बोट ठेवून विचारा. मौलाना साहेबांनाही उत्तर देणे सोपे जाते.

चिकन सूपच्या बाबतीत गोष्ट सरळ आहे. तपकिरी त्रिकोण फक्त एवढेच सांगतो की आत प्राण्याचा घटक आहे. कोंबडी कशी जिबह केली, हे तो सांगत नाही. त्यासाठी हलाल प्रमाणपत्राचे चिन्ह आणि ते देणाऱ्या संस्थेचे नाव पाकिटावर हवे. नसेल तर पाकीट फळीवर परत. आणि एक गंमत पाहा. पाकिटावर ज्या पदार्थाचे नाव किंवा चित्र ठळक दाखवले असेल, तो किती टक्के आहे हे घटकांच्या यादीत लिहावे लागते. चिकनपुढचा तो आकडा एकदा शोधाच. पुढच्या बाजूला वाफाळत्या वाडग्यात कोंबडीचे मोठमोठे तुकडे आणि मागच्या बाजूला इवलासा आकडा, असे पाकीट हाती लागायला फार वेळ लागत नाही. इवल्याशा कोंबडीसाठी एवढी शंका डोक्यावर घेण्यापेक्षा हिरव्या गोलाचे साधे भाज्यांचे सूप आणून त्यात आपल्या खाटकाकडची, घरी उकडलेली कोंबडी चुरून टाकावी. ती निदान दाताखाली तरी येईल.

आखाती देशांतून किंवा युरोपातून नातेवाईक जी पाकिटे घेऊन येतात, त्यांवर आपला हिरवा-तपकिरी चौकोन नसतो. तिथे हलालचे चिन्हच पाहायचे.

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळू. तिच्याकडे आपल्या घरांत फारसे कुणी पाहत नाही, म्हणून तिच्यावर थोडे जास्त लिहितो. ती म्हणजे मीठ.

आमच्या आठवीच्या वर्गाला प्रमाण आणि शेकडेवारी शिकवताना आम्ही मुलांना घरून रिकामी पाकिटे आणायला सांगतो. बिस्किटांची, वेफर्सची, नूडल्सची येतात. गेल्या थंडीत सूपची बरीच आली. पोषणमूल्यांच्या तक्त्यात ‘मीठ’ असा शब्द नसतो, ‘सोडियम’ असतो आणि तोही मिलिग्रॅममध्ये. मिठात सोडियमबरोबर क्लोराइडही असते, म्हणून सोडियमला अडीचने गुणले की मीठ निघते. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. सोडियममध्ये बोलायचे तर २००० मिलिग्रॅम. प्रयोगशाळेच्या तराजूवर ५ ग्रॅम मीठ तोलून आम्ही कागदावर ठेवले, तेव्हा मुलांचा विश्वास बसेना. जेमतेम एक छोटा चमचा. यात भाजी, डाळ, भाकरी, लोणचे, बिस्कीट, फरसाण सगळे आले.

मग हिशेब मांडला. समजा, पाकीट ४० ग्रॅमचे आहे, चार वाट्यांचे. तक्त्यात १०० ग्रॅम पावडरीला ५००० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे. एका वाटीत पावडर १० ग्रॅम, म्हणून सोडियम ५०० मिलिग्रॅम. म्हणजे सव्वा ग्रॅम मीठ, दिवसाच्या वाट्यातला चौथा हिस्सा. फळ्यावर हे झाले आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, ‘‘टीचर, पाकिटावर चार जणांचं लिहिलंय, पण आमच्याकडे एक पाकीट मी आणि भाईच संपवतो.’’ वर्ग हसला. पण त्याचे म्हणणे बरोबर होते. मग चौथा हिस्सा नाही, अर्धा झाला. कंपनीची वाटी आणि आपल्या घरचा वाडगा एक नसतो आणि तक्ता कंपनीच्या वाटीचा असतो. तेव्हा आपल्याकडे एक पाकीट किती जण पितात, ते धरूनच भागाकार करावा.

या हिशेबाचा खरा उपयोग कुठे होतो, ते आमच्या एका सहकारी शिक्षिकेच्या घरी दिसले. त्यांच्या सासूबाईंना ब्लड प्रेशरचा त्रास. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले, तेव्हा सुनेने घरातले लोणचे बंद केले, पापड बंद केले, भाजीत मीठ निम्मे केले. अम्मींनी तोंड वाकडे केले, पण ऐकले. तरी प्रेशर उतरेना. गोळी वाढली. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी दिवसभराचे खाणे विचारले. रात्री? ‘‘रात्री काही जेवत नाहीत, फक्त दोन वाडगे सूप, पचायला हलकं म्हणून.’’ डॉक्टर म्हणाले, पाकीट आणून दाखवा. पाकीट पाहून त्यांनी रागावून बोलायची वेळ आली नाही, मागच्या तक्त्यावर पेनने एक गोल काढला, बस्स. घरी आल्यावर अम्मी सुनेला म्हणाल्या, ‘‘बेटा, मग इतके दिवस मला लोणच्याविना का ठेवलंस?’’ आता त्या घरात रात्री मुगाचे कढण होते. गोळी चालूच आहे, ती सूप सोडल्याने सुटत नाही, पण पुन्हा वाढवावी लागलेली नाही.

सूप जिभेला खारट लागत नाही, हीच अडचण आहे. लोणचे आपली ओळख लपवत नाही. सूपमध्ये साखर आणि आंबटपणा असल्याने मीठ झाकले जाते. रमजानमध्ये हे जास्त जपायला हवे. इफ्तारला भजी, समोसे, फरसाण यांतून मीठ पोटात गेलेलेच असते. त्यावर पाकिटाचे सूप प्यायले की तरावीहला उभे राहिल्यावर घसा कोरडा पडतो. सहरीला तर पाकिटाचे सूप घेऊच नये, दिवसभर तहान सोसावी लागते. एक वर्षाच्या आतील बाळाला ते मुळीच देऊ नये, चमचाभरही नाही.

घटकांच्या यादीचा एक नियम पाठ करून ठेवण्यासारखा आहे. जो घटक वजनाने जास्त, तो आधी लिहायचा, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. बऱ्याच पाकिटांत पहिल्या दोन-तीन नावांत मक्याचा स्टार्च, म्हणजे आपले कॉर्नफ्लोअर, मैदा आणि साखर सापडतात आणि भाज्या त्यांच्या मागे रांगेत उभ्या असतात. अशा सूपमध्ये घट्टपणा आहे, गरमपणा आहे, पोषण फारसे नाही. मधुमेह असलेल्याने तर ‘सूपच आहे, त्याने काय होते’ असे म्हणू नये. टोमॅटो सूप घ्यायचे असेल तर टोमॅटोची टक्केवारी दोन-तीन पाकिटांवर ताडून पाहावी आणि जिथे ती जास्त, सोडियम कमी आणि यादी आखूड, ते घ्यावे. आम्ही तरी याच तीन गोष्टी पाहतो. ‘अजिनोमोटो घातलेले नाही’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असले की बायका निर्धास्त होतात. आमच्या मते त्याला एवढे महत्त्व देण्याचे कारण नाही. त्याच पाकिटात यीस्ट एक्स्ट्रॅक्ट किंवा ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ असेल, तर तीच चव दुसऱ्या दाराने आत आलेली असते.

पाकीट आणलेच असेल तर ते सुधारता येते. चार वाट्यांच्या पाकिटात सहा वाट्या पाणी घालायचे. पातळ होईल म्हणून दोन मोठे चमचे शिजवून घोटलेली मूगडाळ किंवा किसलेला दुधी घालून उकळायचे. मटार, गाजर, कोबी जे असेल ते. वरून मीठ अजिबात नाही. मिरपूड आणि लिंबू पिळले की कमी मीठ जाणवत नाही. घरात कुणी विचारले तर हॉटेलसारखे आहे म्हणून सांगावे.

मघाशी जर्मनीचे सूप सांगितले, तर स्वित्झर्लंडचेही सांगायला हवे. तिथे १८८० च्या दशकात स्त्रिया कारखान्यांत कामाला जाऊ लागल्या होत्या. घरी येऊन शिजवायला वेळ नाही, मुलांचे पोषण होईना. ज्युलियस मॅगी नावाच्या गिरणीवाल्याला तिथल्या एका समाजसेवी संस्थेने पौष्टिक, झटपट शिजणारे आणि गरिबाला परवडणारे काहीतरी करायला सांगितले. १८८६ साली त्याने तयार सूप बाजारात आणले ते वाटाणा आणि घेवड्यासारख्या कडधान्यांच्या पिठाचे. नाव आज नूडल्समुळे घरोघरी आहे. सकाळी सातला डबे भरून शाळेत पोचणाऱ्या आम्हा लोकांना त्या कारखान्यातल्या बायकांची निकड चांगली कळते. तयार सूप शोधणाऱ्या सुनेला आळशी म्हणणाऱ्यांनी एक आठवडा स्वयंपाकघर सांभाळून पाहावे. पण गमतीची गोष्ट अशी की ते पहिले सूप म्हणजे एका परीने भाजल्या डाळीचे पीठ आणि ते तर आपल्या घरी रविवारी अर्ध्या तासात होते.

एक वाटी मूगडाळ, अर्धी वाटी मसूरडाळ आणि दोन चमचे तांदूळ ओल्या फडक्याने पुसून मंद आचेवर खरपूस वास येईपर्यंत भाजा. त्याच कढईत शेवटी दोन छोटे चमचे जिरे आणि दहा-बारा मिरे परतून घ्या. गार झाले की अर्धा चमचा सुंठ घालून मिक्सरमध्ये बारीक करा, चाळा आणि कोरड्या बरणीत भरा. मीठ बरणीत घालू नका, म्हणजे अम्मींचे सूप वेगळे करावे लागत नाही, ज्याने त्याने आपल्या वाडग्यात घ्यावे. दोघांसाठी दोन मोठे चमचे पीठ अर्धा कप थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवा, दोन कप गरम पाणी आणि चिमूटभर हळद घाला आणि ढवळत आठ-दहा मिनिटे उकळा. वरून तुपात लसणाची फोडणी. पीठ महिनाभर चांगले राहते.

दुसरी तयारी यखनीची. कोकणातल्या आपल्या भावंडांच्या आखणीच्या नावात हीच यखनी बसली आहे. अर्धा किलो नळी आणि मानेची हाडे, दोन लिटर पाणी, एक कांदा, आले, लसूण आणि फडक्याच्या पुरचुंडीत बांधलेले धणे, बडीशेप, दालचिनीचा तुकडा, चार लवंगा. कुकरची पहिली शिट्टी झाली की आच मंद करून पाऊण तास ठेवा. गाळा, पातेले थंड पाण्यात ठेवून लवकर निववा आणि फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर चरबीची साय गोठलेली असेल, ती काढून टाका. फ्रीजमध्ये यखनी दोन-तीन दिवस राहते. फ्रीजरमध्ये छोट्या डब्यांत किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये भरून ठेवली तर दोन महिने. मगरिबच्या अजानआधी दहा मिनिटे चार ठोकळे पाण्यात टाकून खळखळ उकळले, मिरपूड-कोथिंबीर घातली की इफ्तारचे सूप तयार. किडनीचा त्रास असलेल्यांनी डाळीचे काय किंवा हाडांचे काय, सूप डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

ज्या गावांत वीज तासन् तास जाते, तिथे ट्रेपेक्षा एका वेळेला पुरेल एवढे छोटे स्टीलचे डबे बरे. डबा बाहेर काढला की सगळा संपवायचा. वितळून कोमट झालेली यखनी पुन्हा गोठवायची नाही. ती किती वेळ तशी राहिली याचा अंदाज नसेल, तर वास न घेता सरळ ओतून द्यावी.